भुवडांच्या नंतर, गोताडांच्या आधी

मी एक ओळ लिहिली आणि तळेकोंड गावच्या खोतांना शेवटून तिसरं करून टाकलं. ओळ एवढीशी होती. यादीचं नाव, एक टिंब, पुढं सॉर्ट, आणि दोन रिकामे कंस. एंटर दाबल्यावर पडद्यावर काहीच झालं नाही. कॉम्प्युटरची हीच सवय वाईट. काम नीट केलं तरी गप्प, वाटोळं केलं तरी गप्प.

यादी होती शिमग्याच्या पालखीची. रत्नागिरीहून पालीला जायचं, तिथून आतल्या रस्त्याला वळायचं, की तळेकोंड. होळीचा होम झाला की ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या मध्यावरच्या चौथऱ्यावर येऊन बसते आणि तिथून पाच दिवस घरोघर फिरते. आधी कुणाकडे जायचं आणि नंतर कुणाकडे, हा मानाचा मामला. पहिला मान खोतांचा, म्हणजे आप्पा सुर्व्यांचा. शेवटचं घर सदू आग्र्यांचं, कारण आग्रे गावात उशिरा आले. उशिरा म्हणजे सदूच्या पणजोबांच्या वेळी. गाव अशा बाबतीत घाई करत नाही.

माझ्या त्या ओळीनं सगळ्या घरांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं उभं केलं. आग्रे पहिले आले. सुर्व्यांच्या मागं उरले फक्त तांबे आणि विचारे. ती यादी पाच दिवसांत विभागून, छापून, पाकिटात घालून मी पालीच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलीसुद्धा. वर गावच्या मंडळाला फोन केला, "यादी पाठवलीय हो, एकदम कॉम्प्युटराइज्ड."

ज्यांच्या क्लासात बसून मी हा पराक्रम केला ते आत्माराम पाष्टे सर. त्या दिवशी ते नात्यातल्या लग्नाला गेले होते. जाताना म्हणाले होते, "संदेशराव, नावं भरून ठेवा. बाकी मी आल्यावर बघू." 'राव' ते फक्त मलाच लावायचे, आणि मला ते कौतुक वाटायचं. दुसरी बाजू कळायला दोन वर्षं लागली.

मी मूळचा मंडणगडचा. शाळा तिथलीच, मराठी माध्यम, इंग्रजीला भिऊन मागच्या बाकावर. कॉलेजला रत्नागिरीत मावशीकडे आलो आणि दोन हजार एक साली सरांच्या क्लासात शिरलो. मारुती मंदिराजवळ रंगाच्या दुकानावर एक खोली होती. जिन्यात टर्पेंटाइनचा वास, दारात चपलांचा ढीग, आत चार कॉम्प्युटर. रात्री त्यांच्यावर सरांच्या बायकोच्या, विमलाकाकूंच्या, जुन्या साड्या पांघरलेल्या असायच्या. सर सांगायचे, "दुसऱ्या क्लासांतली मशिनं धूळ खातात, आमची काठापदराचं नेसतात." खोलीत पंखा एकच, टेबलावरचा, आणि त्याचं तोंड कायम मशिनकडे. कुणी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं : "तुला रुमाल आहे. त्याला नाही."

सर जन्मले तळेकोंडला. पालीला मॅट्रिक होऊन गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागले. अक्षरांचे शिशाचे खिळे उचलून, उलटी अक्षरं सुलटी वाचत, पितळी पट्टीत एकेक ओळ लावायची. वीस वर्षं लग्नपत्रिका, हँडबिलं आणि श्रद्धांजल्या लावल्यावर मालकानं कॉम्प्युटर आणले. बाकीच्यांनी हिशेब घेऊन घराची वाट धरली. सर मालकाला म्हणाले, "मला दोन महिने द्या." दोन महिन्यांत शिकले, पाच वर्षं त्यावर काढली, आणि मग छापखानाच बंद झाला. अठ्ठ्याण्णव साली दोन जुनी मशिनं गोधड्यांत गुंडाळून, टेम्पोत स्वतः त्यांच्यामध्ये बसून, सर रत्नागिरीला आले. पोलादपूरच्या घाटात काकू पुढं ड्रायव्हरशेजारी आणि सर मागं मशिनांना धरून. काकू ते सांगताना अजून तोंडाला पदर लावतात : "लग्न करून आणलं तेव्हा मला नाय असं धरलं."

इतर क्लासांत पत्र कसं टाइप करायचं ते शिकवत. सरांनी आम्हा चौघांना प्रोग्रॅम लिहायला पायथन शिकवलं, कारण कुठल्याशा मासिकाबरोबर त्याची सीडी फुकट आली होती आणि फुकट आलेलं वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पुस्तक नव्हतं. इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या वायरीवर किंचाळत येणारी चैन, तीही लाइट असली तर. तेव्हा सर सीडीतलं इंग्रजी आदल्या दिवशी डिक्शनरी लावून वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी ते अख्खं आमच्या मुलखात आणून सोडायचे.

याद्यांचा धडा मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. फळ्यावर चौकोनी कंस काढला, आत चार नावं, मधे स्वल्पविराम. "ही यादी. छापखान्यातली माझी पट्टी. नावं जशी लावली तशीच राहणार, आपणहून हलणार नाहीत. पहिल्या नावाचा नंबर सांगा."

"एक," आम्ही कोरसमध्ये.

"शून्य."

"का, सर?"

"पालखी पहिल्या घरी पोचते तेव्हा तिनं मागं किती घरं टाकलेली असतात?"

"एकही नाही."

"मग झालं. नंबर घराचा नसतो रे, मागं टाकलेल्या घरांचा असतो."

त्यानंतर शून्यानं मला कधी त्रास दिला नाही. अपेंड म्हणजे पंगतीला उशिरा आलेला पाहुणा. शेवटच्या पानावर बसवायचा, कुणाला उठवायचं नाही. इन्सर्ट म्हणजे ओळ लावून झाल्यावर मधलं एक अक्षर राहिलेलं लक्षात येणं. पुढचे सगळे खिळे एकेक घर सरकवायचे आणि जागा करायची. "अपेंडला अक्कल लागत नाही," सर म्हणायचे, "इन्सर्टला जागा माहीत पाहिजे."

यादी छापून घ्यायची कल्पना आप्पा सुर्व्यांची. तळेकोंडचे निम्मे बाप्ये मुंबईला. दरवर्षी शिमग्याआधी त्यांचे शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन, पालखी आमच्याकडे कुठल्या दिवशी येणार, रजा कधीची टाकू? आप्पांना मंडळाच्या पेटीत मागच्या कुणा अध्यक्षानं लिहिलेला एक जीर्ण कागद सापडला. साठावर घरं, क्रमानं. तो त्यांनी सरांकडे पाठवला.

कागद उलगडला तेव्हा मी शेजारीच होतो. सर बोट फिरवत खाली आले आणि एका ओळीवर बोट थांबलं. भुवड, मग पाष्टे भिकाजी, मग गोताड. भिकाजी म्हणजे सरांचे वडील. सर मुंबईत असताना ते वारले आणि घराला कुलूप लागलं. बंद घरी पालखी जात नाही. पुढची बारा-तेरा वर्षं भुवडांकडून निघाली की ती बांधावरून थेट गोताडांकडे उतरायची. सर रत्नागिरीला आल्यावरही शिमग्यात गावी जायचे, पण सहाणेवर नारळ देऊन दुपारच्या गाडीनं परत.

"यंदा घर उघडू या," ते काकूंना म्हणाले. बोट अजून कागदावरच होतं. "आपलं नाव आहे की अजून."

काकूंनी त्याच आठवड्यात जाऊन जमीन सारवून घेतली.

आणि मग मी नावं भरली. कुणाचं नाव दोनदा आलंय का हे बघायला मला हुशारी सुचली : सॉर्ट केलं की सारखी नावं शेजारी येतील. खबरदारी म्हणून आधी यादीची प्रत पण काढून ठेवली. म्हणजे मला वाटलं काढली. 'घरं' हे माझ्या यादीचं नाव; तिची प्रत म्हणून 'जुनी बरोबर घरं' एवढंच लिहिलं होतं मी. कामाच्या धांदलीत क्रम पुन्हा पहिल्यासारखा लावायचा राहूनच गेला आणि फाइल त्याच नावानं फ्लॉपीवर जाऊन बसली. मूळ कागद? प्रिंटरची रिबन अडकली होती, बोटं काळी झाली होती, आणि नावं तर कॉम्प्युटरमध्ये आलीच होती. मी त्या कागदाला बोटं पुसली आणि बोळा खाली रंगवाल्याच्या कचऱ्यात टाकला.

सर परत आल्यावर मी मोठ्या ऐटीत सांगितलं की काळजी नको, प्रत आहे. 'जुनी' उघडून दाखवली. आग्रे पहिले.

सरांनी पडद्यावर खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "मला घरात आत्मा म्हणतात, तुम्ही सर म्हणता. सरांना ताप आला तर आत्म्याला शाळेत पाठवता येईल का?"

"नाही."

"का?"

"एकच माणूस."

"हं. तुझी जुनी आणि तुझी घरं. एकच यादी, नावं दोन." मग अगदी हळू विचारलं, "कागद कुठाय?"

मी रंगवाल्याकडे धावलो. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

गावात तोवर माझी यादी देवळाच्या खांबाला लागली होती. इंग्रजी अक्षरं ज्यांना वाचता येत होती त्यांनी ज्यांना येत नव्हती त्यांना वाचून दाखवली, आणि वाचताना आपल्याकडची थोडी भर घातली. सदू आग्र्यानं पहिला नंबर ऐकून अंगणात मांडवाचे खांबच पुरले. कुणी हसलं तर म्हणे, "मी नाय बोल्लो. कॉम्प्युटर बोल्ला. कॉम्प्युटरला काय माज्याकडून वडे मिळणारेत?"

रविवारी सर आणि मी गावी गेलो. सहाणेजवळ माणसं जमलेलीच होती. आप्पा खोत खुर्चीत, हातात ती यादी, चष्मा कपाळावर.

"या मास्तर. आमी तिसरे ना? शेवटून?"

"चूक झाली, आप्पा. या पोरानं —"

"हा कोण?"

"मी मंडणगडचा," मी म्हटलं.

"तरीच," मागून कुणीतरी बोललं, आणि लोक हसले. मला वाटलं, चला, निभावलं.

पण बाबल्या भुवड हसला नाही. पालखीला पुढचा खांदा त्याचा. वयानं पंचविशीचा, बाप गेल्यावर घरचा कर्ता तोच. म्हणाला, "चूक सगळ्यांच्या नंबरात झाली, ती समजली. पण बंद घराचं नाव यादीत कसं आलं? पालखी माज्या खांद्यावर असते. आमच्या अंगणातून ती गोताडांकडं जाते. मधे पाष्ट्यांचं घर कंदी घेतलं मी?"

"कागदात होतं," सर म्हणाले.

"कुठाय कागद?"

सर माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. नाही बघितलं त्यांनी. "नाहीये आता," एवढंच म्हणाले.

"म्हणजे यादी मास्तरांची, मशीन मास्तरांचं, कागद नाय, आणि नाव मात्र हाय," बाबल्या म्हणाला. तो आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं.

आप्पांनी हात वर केला. "अरे, भिकाजी पाष्ट्याकडं पालखी जायची हे मला आठवतं. पण तो भाग खालच्या वाडीचा. आमी पहिल्या दिवशी पालखी केली की घरी. कुणाच्या मागं नि कुणाच्या पुढं, ते नाय सांगू शकत. आत्माराम, घर उघडतोयस ना? आनंद हाय. शेवटी घालू तुला. सदूच्या नंतर."

सदूला तो निर्णय भलताच आवडला. पिढ्यान्‌पिढ्यांत पहिल्यांदाच त्याच्या मागं कुणीतरी येत होतं.

सर उठून उभे राहिले. "शेवटी नको, आप्पा. शेवटी नव्या माणसाची जागा. मी नवा नाही. जागेवर येत असेल तर या, नाहीतर राहू दे." आणि थोड्या वेळानं, "यादी मी परत करून देतो. प्रत्येक घराला विचारून. त्यात जे निघेल ते."

परत येताना पालीच्या स्टॅंडवर मी म्हणालो, "सर, मी टाइप केलंय ते नाव. मी शपथेवर सांगतो ना."

"तू कोण? माझा विद्यार्थी. आणि शपथ घेऊन मागितलेला मान म्हणजे काय रे? रेशनवरची साखर."

मग आम्ही घरोघर फिरलो. मार्चचं ऊन, काजूच्या बोंडांचा आंबूस वास, कातळावरून चालताना चपलेतून भाजायचं. प्रत्येक घरी दोनच प्रश्न : पालखी तुमच्याकडं कुणाकडून येते, आणि तुमच्याकडून कुठं जाते? मी चिठ्ठीवर लिहून घ्यायचो. गंमत अशी की अख्खा क्रम कुणालाच येत नव्हता. आपल्या आधीचं घर आणि आपल्या नंतरचं घर, बस्स. पण तेवढं मात्र झोपेतून उठवलं तरी बरोबर. भुवडांकडे बाबल्यानं पाणी दिलं, गूळ दिला, आणि प्रश्नाच्या आधीच म्हणाला, "लिही. नंतर गोताड."

मी सरांकडे बघितलं. सर अंगणाच्या कडेला उभे राहून खालच्या बाजूला आपल्या घराच्या कौलांकडे बघत होते. ती तिथून स्वच्छ दिसत होती. मला त्यांनी आधीच दम दिलेला होता : "'आणि पाष्टे?' असं विचारायचं नाही. विचारलंस तर क्लासात पाऊल टाकू नकोस."

गोताडांकडे सुनेनं दार उघडलं. सासूबाई शेतात गेल्या होत्या. सून नव्यानं आलेली, तिनं सांगितलं ते तिनं पाहिलेलं : "आमच्याकडं भुवडांकडनं येते."

क्लासात आल्यावर आम्ही चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. एकीचं 'नंतर' दुसरीच्या 'आधी'ला जोडायचं. सरांना शेवटी त्यात मजा वाटायला लागली. "बघ, ही पण यादीच. फक्त हिला नंबर नाहीत, शेजारी आहेत." सुर्व्यांपासून आग्र्यांपर्यंत साखळी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लागली. कुठं एखादी फट सापडली असती तर मी तिच्यात पाष्टे घातले असते. फट नव्हती. भुवड आणि गोताड एकमेकांना चिकटून बसले होते.

"छाप," सर म्हणाले.

"सर, आजचा दिवस थांबू या. लाइट जातायत सारख्या."

"लाइट आहेत, संदेशराव."

मी टायपिंग मुद्दाम हळू केलं. तोवर काकूंनी सरांना विचारलं, "मग घर उघडायचं का नाय?" सर म्हणाले, "उघडू. सारवलंयस ना." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की काकू जिन्यात जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं. "हितं का? हा कसला वास? रंग खाता का काय रे तुमी?" आणि दारात चिमाकाकी गोताड. सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. दाढ दाखवायला रत्नागिरीला आल्या होत्या आणि दाढेच्या आधी आमच्याकडे. चपला बाहेर काढल्या, मशिनांकडे बघून उगाच एक नमस्कार केला आणि सरांसमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आत्मा, माज्या मागारी येऊन सुनेला विचारून गेलास? काल आलेली पोर ती. तिला काय म्हाइत?"

"बसा, काकी."

"बसत नाय. मला हे सांग, यंदा घर उघडतोयस?"

"हो."

"झालं!" चिमाकाकींनी कपाळावर हात मारला. "म्हणजे आमच्याकडं पालखी परत उशिरा. बारा वरसं जरा सुखाची गेली होती."

मी कीबोर्डवरून हात उचलले. सरांच्या ओठांवर हसू आलं.

"हसू नको. तुज्या बापसानं आयुष्यभर माजे वडे गार केले. हिकडं भुवडांकडं ढोल वाजला की मी कढई चढवायची. म्हणायची, आता येतील. कसले येतायत! मधे भिकाभावजी बसलेले. पालखी त्येंच्या अंगणात उतरली की वर जायची नाय. नाचवा म्हणायचे. अजून नाचवा. खालूबाजावाल्यांना पान द्यायचे, परत नाचवा. माजं काळ्या वाटाण्याचं सांबारं आटून जायचं. ह्यांना सांगितलं तर हे पण तिकडंच नाचायला. शेवटी पालखी आमच्या दारात यायची तेव्हा पोरं झोपलेली नि वडे चामड्यासारखे. ते भुवडांचं म्हातारं तर माज्याकडं येऊन म्हणायचं, 'चिमे, आज पण गार?' आता तूबी तेच करणार. मी सांगून ठेवते, तुला नाचवायचं तेवढं नाचव, पण मला आधी निरोप धाड. मग कढई चढवते."

एवढं बोलून त्यांनी दम घेतला. खोलीत पंखा मशिनला वारा घालत होता.

मी विचारलं, "काकी, हे गावात बोलाल?"

"काय बोलायचं?"

"हेच. भुवडांच्या नंतर पाष्टे, मग तुम्ही."

"त्यात काय सांगायचं? सगळ्यांना म्हाइत हाय."

"कुणाला माहीत नाही, काकी."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सर चष्मा काढून काचा शर्टाला पुसत होते.

"कुणी नाय बोल्लं तुला?" काकींचा आवाज एकदम उतरला. "नि तू पण नाय बोललास? तसाच हायस. बापूस मागून नाचवून घ्यायचा, नि हा तोंड मिटून."

दाढेचं राहिलंच त्या दिवशी. दुपारच्या एसटीनं चिमाकाकी परत गेल्या. देवळात त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. संध्याकाळी एसटीडी बूथवरून बाबल्याचा फोन आला. सरांना द्या म्हणाला नाही, मलाच म्हणाला, "मंडणगडकर, चिमाकाकीनं माज्या बापाची नक्कल करून दाखवली. डिट्टो. गार वड्यांवरनं तो हसायचा ते मला आठवलं. मास्तरांना सांग, भुवडांच्या नंतर घाला. मी घेतो खांद्यावर." मग जरा थांबून, "आणि सांग, मनात काय धरू नका."

सर स्वतः मशिनसमोर बसले. एवढी वर्षं आम्हाला शिकवलेला इन्सर्ट त्यांनी स्वतःसाठी पहिल्यांदा लिहिला. नंबर टाकला, वडिलांचं नाव खोडून आपलं टाकलं, मग आपलं खोडून परत वडिलांचं. एंटर. यादी पडद्यावर आली.

पाष्टे, भुवड, गोताड.

मी घसा साफ केला. "सर, भुवडांच्या आधी आलात. खांदा देणाऱ्याच्या आधी. गाव परत बोलावील."

सरांनी पडद्यावर बोट ठेवून मोजलं. बोट भुवडांवर आलं तशी मान हलवली. "मागं टाकलेली घरं मोजायची," ते स्वतःशीच पुटपुटले, "मी भुवडांना मागं टाकायचंच विसरलो." आयुष्यात पहिल्यांदा मला सरांची चूक सापडली होती आणि मी ती चार जणांना सांगायचं ठरवलं होतं. अजून कुणाला सांगितली नाही. लिहिली तेवढी आता.

शिमग्याच्या चौथ्या दिवशी मी तळेकोंडला होतो. काकूंनी रांगोळी काढली होती, दाराला आंब्याचा टहाळा, सर नव्या धोतरात सारखे सावरत. वर भुवडांच्या अंगणात ढोल वाजला आणि बांधावरून निशाणं हलायला लागली. एवढ्यात काकूंच्या लक्षात आलं की ओटीचा नारळ ज्या पिशवीत होता ती पिशवी एसटीत राहिली. सरांच्या घरामागं माड नाहीत, होते ते वाळून गेले. काकूंचा चेहरा बघून मी काही न विचारता मागच्या दगडी गडग्यावरून उडी टाकली आणि थेट गोताडांच्या परसात.

चिमाकाकी कढईसमोर बसलेल्या. "निरोप घेऊन आलास?"

"नारळ घेऊन जायला आलोय."

"आता नारळ पण?" त्यांनी कोनाड्यातला सोललेला नारळ काढून माझ्या हातात आपटला. "उसना हा. देवाचं काम हाय. परत नाय दिलास तर पालखी तुमच्या दारात नि पुण्य माज्या दारात."

मी धावत परत पोचलो तेव्हा बाबल्यानं पालखी अंगणात आणली होती. घामानं निथळत होता. सरांकडे बघून म्हणाला, "मास्तर, किती नाचवू?" उत्तर काकूंनी दिलं. "दमेपर्यंत," त्या म्हणाल्या. पालखी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. सर नाचले नाहीत. खांबाला धरून उभे होते. मग कुणीतरी त्यांचा हात धरून ओढला आणि धोतर सावरायचं सोडून ते गर्दीत शिरले. मला नंतर फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं, कधी पालखीच्या या बाजूला, कधी त्या.

वडे गार झाले. मी खाल्ले. चामडं म्हणणं अतिशयोक्ती होती, पण फार नाही.

क्लास दोन हजार सातपर्यंत चालला. मग घरोघर कॉम्प्युटर आले, कॉलेजनं स्वतःचा कोर्स काढला, आणि सरांनी मशिनांवरच्या साड्या काढून काकूंना परत दिल्या. आता दोघं तळेकोंडला असतात. मी पुण्यात एका कंपनीत दिवसभर याद्याच करतो. हजारो नावांच्या, ज्यांतल्या एकाही घरी पालखी जात नाही. प्रत काढायची असली की अजून मनात येतं, आत्म्याला शाळेत पाठवतोय का मी? नव्या पोरांना शून्य समजावताना पालखी सांगतो. ती माझ्याकडे बघतात आणि मग आपापल्या पडद्याकडे.

शिमग्याला जमेल तसा जातो. एका वर्षी पुण्याहून चांगला मोठा नारळ घेऊन चिमाकाकींकडे गेलो. त्यांनी तो कानाजवळ धरून हलवला, खाली ठेवला.

"विकतचा?"

"हो."

"माजा घरच्या माडाचा होता. परत द्यायचा तर तसा दे."

"काकी, मंडणगडला आमच्याकडं माड नाहीये."

"मग लाव की," त्या म्हणाल्या आणि कढईकडे वळल्या. विकतच्या नारळाची त्यांनी दुसऱ्या दिवशी चटणी केली, मलाच वाढली, आणि तो हिशेबात धरला नाही. नारळ अजून द्यायचाय.